पुरावा आहे, मग पटत का नाही? पहिलं भाषण बांधणाऱ्यांसाठी

माझं पहिलं गंभीर भाषण आठ मिनिटांचं होतं. त्यात चौदा आकडे, चार थोरांची वचनं आणि शेवटी एक कविता होती. टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या. खाली उतरल्यावर परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं असेल हो. पण मग काय?"

मला राग आला होता. घरी जाऊन कागद पुन्हा वाचला तेव्हा उतरला. आकड्यांपासून माझ्या निष्कर्षापर्यंतची वाट मी कुठेच सांगितली नव्हती. ती माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की श्रोत्यांनाही दिसत असणार असं मी धरून चाललो होतो. त्यानंतर बरीच भाषणं केली, काही स्पर्धांचं परीक्षणही केलं. नवख्यांची गाडी दहांतल्या आठ वेळा तिथेच अडते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये तिसरी सगळ्यांत लांब आहे. वाचायचा कंटाळा आला तर बाकीच्या गाळा, ती गाळू नका.

हाताशी काय हवं

- पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं, वीस-पंचवीस
- स्टॉपवॉच आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय (फोनमध्ये दोन्ही असतं)
- स्रोतांची एक वही: माहिती कोणाची, कोणत्या वर्षाची, किती जणांवरून काढलेली
- तुमच्याशी मुळीच सहमत नसलेला एक ओळखीचा माणूस

स्लाइड्स या यादीत मुद्दाम नाहीत. स्लाइड्सपासून सुरुवात करणारा माणूस भाषण बांधत नाही, सजावट करतो.

१. दावा एका वाक्यात लिहा आणि त्याची जात ओळखा

पहिल्या कार्डावर एकच वाक्य. "वाचन" हा विषय झाला, दावा नव्हे. "सार्वजनिक वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं" हा दावा. याला कोणीतरी "नाही" म्हणू शकतं, हीच त्याची खूण. आपण हेच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू.

दाव्यांच्या ढोबळ जाती तीन. पहिली वस्तुस्थितीची: "संध्याकाळी सातनंतर वाचनालयाची गरज असलेले लोक आहेत." हे मोजून तपासता येतं. दुसरी मूल्याची: "दिवसभर राबणाऱ्याला वाचायची संधी न मिळणं अन्यायाचं आहे." इथे मोजमाप कामाचं नाही, इथे निकष लागतो. न्याय म्हणजे काय हे आधी ठरलं तरच पुढे जाता येतं. तिसरी कृतीची: "वेळ वाढवावी."

कृतीचा दावा दिसतो एक, पण त्याच्या पोटात अनेक प्रश्न असतात. अडचण खरंच आहे का? सुचवलेला उपाय तीच अडचण सोडवतो का? तो जमण्याजोगा आहे का? त्यातून नवं दुखणं तर उभं राहणार नाही ना? नवखा वक्ता पहिल्या प्रश्नावर सात मिनिटं घालवतो, श्रोत्यांना हळहळायला लावतो आणि उरलेल्या मिनिटात उपाय उरकतो. सभागृहातल्या बहुतेकांना अडचण आधीच मान्य असते. ते उपायावर अडून बसलेले असतात.

२. पुरावा गोळा करा, पण एका कार्डावर एकच

भाषणात चालणारा पुरावा साधारण चार प्रकारचा: घडलेलं उदाहरण, आकडेवारी, साक्ष (तज्ज्ञाची किंवा ज्याच्यावर बेतलं त्याची) आणि समोर दाखवता येईल अशी वस्तू किंवा कृती.

ज्ञान मिळवायचं विश्वासार्ह साधन कोणतं, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञान-परंपरेने, अशी चार साधनं म्हणजे प्रमाणं मानली: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (तर्काने काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं). चार्वाक या जडवादी विचारवंतांनी प्रत्यक्ष सोडून बाकी सगळी झटकून टाकली. तुमच्या श्रोत्यांतही दोन्ही तऱ्हेचे लोक बसलेले असतात. एकाला "अमुक तज्ज्ञ म्हणतात" पुरतं, दुसरा "दाखव" म्हणतो. एकाच प्रकारच्या पुराव्यावर सगळं भाषण उभं करू नका, एवढं त्यातून घ्या.

प्रत्येक कार्डाला चार प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय, आणि त्याला हे नेमकं कसं कळलं? हे सांगण्यात त्याचा फायदा आहे का? हे अजून लागू आहे की जुनं झालं? आणि यालाच दुजोरा देणारं दुसरं, स्वतंत्र कोणी आहे का? दहा ठिकाणी तोच आकडा दिसला आणि दहाही जणांनी तो एकाच ठिकाणाहून उचलला असेल, तर तो पुरावा एकच.

सापळा: टक्के. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवरून इशारा दिला गेला: काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे शंभर टक्के वाढ. खळबळ उडाली, हजारो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या चढली. मुळात होतं काय? सात हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका सात हजारांमागे दोघींवर गेला होता. "दुप्पट" खोटं नव्हतं, पण कशाच्या दुप्पट हे कोणी ऐकलंच नाही. भाषणात टक्के सांगायचे असतील तर "किती जणांमागे किती" हे त्याच श्वासात सांगा. आणि विरुद्ध बाजूच्या वक्त्याने नुसते टक्के फेकले तर पहिला प्रश्न हाच विचारा.

३. दुवा शोधा

आता मुख्य काम. डाव्या हातात दाव्याचं कार्ड, उजव्या हातात पुराव्याचं. या दोहोंना जोडणारं वाक्य कोणतं?

हे वाक्य नवं कोणी शोधलेलं नाही. न्यायशास्त्रातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आठवा. डोंगरावर अग्नी आहे: ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे: हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसा चुलीपाशी: हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे: हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे: हे निगमन. पाच अवयवांतला मधला अवयव नीट बघा. "जिथे धूर तिथे अग्नी" या नियमाला व्याप्ती म्हणतात आणि सगळा भार तिच्यावर असतो. ती ढासळली तर धूर कितीही खरा असो, अग्नी सिद्ध होत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा आणि आधार यांना जोडणारा असाच एक भाग आहे. तो बहुधा न बोलताच गृहीत धरला जातो, हे त्यांनी नेमकं पकडलं.

वाचनालयाकडे येऊ. पुरावा: "संध्याकाळी साडेसातला दार लागतं तेव्हा आत वीस जण बसलेले असतात, हे मी आठवडाभर रोज मोजलं." दावा: "वेळ वाढवावी." दुवा काय? "दार लागताना बसलेले लोक नाइलाजाने उठतात, वेळ असती तर ते थांबले असते." हे मोठ्याने म्हटल्याबरोबर त्यातली फट दिसते. त्यांतल्या काहींना कदाचित साडेसातलाच निघायचं असेल. म्हणजे त्या वीस जणांना विचारायला हवं होतं. एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून आठवड्याची मोजणी लंगडी पडली. हे घरी कळलं तर अजून एक संध्याकाळ तिथे जाता येतं. व्यासपीठावर कळलं तर नुसता घाम फुटतो.

प्रत्येक पुराव्याच्या कार्डामागे दुवा लिहा. पूर्ण वाक्यात. मग तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघा, कारण प्रत्येक प्रकार आपापल्या ठिकाणी मोडतो.

*उदाहरणांवरून नियम.* शितावरून भाताची परीक्षा. ही परीक्षा चालते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. उदाहरणं किती आहेत यापेक्षा ती एकाच पातेल्यातली आहेत का, हे आधी बघा.

*साम्य.* "तिथे जमलं, मग इथेही जमेल." साम्य दाखवणं सोपं असतं. ज्या गोष्टीमुळे तिथे जमलं, तीच इथे आहे का, एवढं तपासा. बाकीची साम्यं म्हणजे बादरायण संबंध.

*लक्षण.* धुरावरून अग्नी ओळखणं. इथला सापळा दिशेचा. जिथे धूर तिथे अग्नी हे ठीक, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो, हा नैयायिकांचा आवडता दाखला. वाचनालय रिकामं दिसतं यावरून वाचणारे नाहीत असं ठरत नाही.

*अधिकार.* तज्ज्ञाचं मत. तो याच विषयातला आहे का, आणि त्या विषयातले इतर लोक त्याच्याशी सहमत आहेत का, हे दोन प्रश्न टाळले की उरतं ते बाबावाक्यं प्रमाणम्.

*कारण.* हा सगळ्यांत जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यांत जास्त फसणारा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याला जबाबदार धरतो. कारण सिद्ध कसं करावं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत देखणं उदाहरण एका डॉक्टरचं आहे.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. रोग दूषित हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो यांनी बोट ठेवलं पाण्यावर, आणि त्यातही ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपावर. मृत्यू त्या पंपाभोवती दाटलेले होते. पण एवढ्याने भागत नव्हतं. पंपाभोवती राहणाऱ्यांची हवाही एकच होती, तेव्हा हवेवाल्यांनाही तोच पुरावा वापरता आला असता. म्हणून स्नो अपवादांच्या मागे लागले. जवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, ५३५ माणसं होती, त्यांतली कॉलऱ्याने गेली फक्त पाच. तिथे स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार, पण कॉलऱ्याने एकही दगावला नाही. ते पंपावर जातच नसत. आणि काही मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली, जिथे साथ नव्हती. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती तिथून रोज पाणी मागवायची.

त्याच हवेत राहून वाचलेले, आणि दुसऱ्या हवेत राहून गेलेली. यानंतर हवेवाल्यांच्या दुव्यात जीव उरत नाही. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. "दांडा काढला आणि साथ थांबली" असं सांगायला स्नो मोकळे होते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तोवर लोक भाग सोडून पळाले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती. आपल्या बाजूचा एक चमकदार पण कच्चा पुरावा त्यांनी आपल्या हाताने बाजूला ठेवला. तुमच्या कार्डांतही असं एखादं असेल. बहुधा तेच तुमचं सगळ्यांत लाडकं कार्ड असतं.

४. विश्वास, भावना, तर्क: तिन्ही लागतात, पण एकाच मापाने नाही

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याच्या व्यक्तित्वातून निर्माण होणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना आणि खुद्द युक्तिवाद. अभ्यासक्रमात हे तीन कप्पे करून शिकवतात, त्यामुळे मुलं "आता दोन मिनिटं भावना" असं लिहून आणतात. तसं नसतं. स्नो यांनी स्वतःचा कच्चा पुरावा कबूल केला तेव्हा तर्कही नीट झाला आणि माणसावरचा विश्वासही वाढला.

विश्वास नसला तर काय होतं हे व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातल्या इग्नाझ सेमेलवाइसकडे बघून कळतं. १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. आकडे त्यांच्या बाजूने होते. पण आपलं म्हणणं सविस्तर ग्रंथरूपात यायला १८६१ साल उजाडलं, आणि विरोध झाल्यावर त्यांनी नामांकित डॉक्टरांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवलं. ज्यांना पटवायचं त्यांनाच आरोपी केलं की ते पुरावा बघत नाहीत, वकील शोधतात. ("आजवर तुम्ही डोळे मिटून बसलात" हे वाक्य तुमच्या भाषणात असेल तर आत्ताच खोडा.)

भावनेचा नियम असा की ती जाणवायला एक चेहरा लागतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं. एका गटाला एका भुकेल्या मुलीची हकिकत सांगितली, दुसऱ्याला दुष्काळाची आकडेवारी, तिसऱ्याला दोन्ही. सरासरी दान: मुलीसाठी २.३८ डॉलर, आकडेवारीसाठी १.१४, आणि दोन्ही एकत्र मिळालेल्यांकडून फक्त १.४३. आकड्यांनी हकिकतीला बळ दिलं नाही, तिची धार बोथट केली.

म्हणून मी दोन्ही एका परिच्छेदात कोंबत नाही. आधी एका माणसाची गोष्ट, मग थांबायचं. श्वास घ्यायचा. नंतर "हा एकटाच असा आहे का?" हा प्रश्न, आणि मग आकडा. आणि गोष्ट खरीच हवी. मुलाखत न घेता रंगवलेला "एक गरीब विद्यार्थी" दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि मग त्याच्यासोबत तुमचे खरे आकडेही जातात.

५. पूर्वपक्ष स्वतः मांडा

जुन्या शास्त्रग्रंथांची शिस्त अशी: आधी विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीने मांडायची, मग तिला उत्तर द्यायचं. भाषणात हे करायला नवखे घाबरतात. "त्यांच्या डोक्यात नसलेली शंका मीच कशाला घालू?"

१९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांवर यासंबंधी एक प्रयोग झाला होता. जपानशी युद्ध अजून बराच काळ चालेल हे पटवण्यासाठी काहींना एकच बाजू ऐकवली, काहींना दोन्ही. जे आधीपासून सहमत होते त्यांच्यावर एकतर्फी भाषण जास्त चाललं. जे आधी असहमत होते ते दोन्ही बाजू ऐकल्यावर जास्त वळले. पटवायचं तर असहमत माणसालाच असतं, नाही का?

इथे तो यादीतला असहमत माणूस बोलवा. त्याला भाषण ऐकवू नका. फक्त दावा सांगा आणि "का नको?" विचारून गप्प बसा. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. मी वाचनालयाच्या बाबतीत सुरक्षेचा मुद्दा येईल अशी तयारी केली होती. समोरच्याने विचारलं, "तिथल्या कर्मचाऱ्यांनी रात्री दहाला घरी जायचं का?" माझ्या कार्डांत त्या कर्मचाऱ्यांचा उल्लेखच नव्हता.

सापळा: बुजगावणं. विरोधकाचं म्हणणं दुबळं करून मांडायचं आणि मग थाटात पाडायचं. श्रोत्यांत तो विरोधक बसलेला असतो, आणि त्याला कळतं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडून काढणं म्हणजे वितंडा. मराठीत "वाद" शब्दाची पुरती रया गेली आहे, पण मुळात तो चांगला शब्द होता.

६. क्रम लावा आणि तोंडी भाषेत आणा

आता कार्डं टेबलावर पसरा. आठ मिनिटांना तीन मुद्दे खूप झाले. सगळ्यांत भक्कम मुद्दा आधी किंवा शेवटी. मधे दडवू नका.

वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा नाही. म्हणून ४८.७ टक्के नको, "जवळजवळ निम्मे" म्हणा; नेमका आकडा कार्डावर असू द्या, कोणी विचारलाच तर लागतो. स्रोत वाक्याच्या आधी सांगा आणि थोडक्यात: कोण, कोणत्या वर्षी. आणि दुवा गिळू नका. "यावरून मी असं म्हणतो, कारण..." हे शब्द लिहिताना बाळबोध वाटतात, ऐकताना वाटत नाहीत.

७. तालीम

उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी वेळेत बसते, खरं भाषण बसत नाही. एकदा रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. पाठ फक्त पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं करा. बाकी घोकलं तर एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ सुटते.

शेवटच्या तालमीला समोर कोणालातरी बसवा आणि त्याला एकच काम द्या. प्रत्येक मुद्दा संपला की त्याने "मग काय?" विचारायचं. दोन सेकंदांत तुमच्या तोंडून दुवा आला तर ते कार्ड ठेवा. तुम्ही "म्हणजे, त्याचं असं आहे की..." करू लागलात तर ते कार्ड घरी राहू द्या. माझ्या त्या चौदा आकड्यांवर मी नंतर ही परीक्षा घेतली होती. तीन उरले.